घाटाखालचा गाळ

परवा सकाळी दारावरून पहिला ट्रॅक्टर गेला आणि मला चहा गोड लागेना. ट्रॉलीतून ओल्या गाळाची ढेकळं डांबरी रस्त्यावर पडत होती, मागचा मोटारसायकलवाला शिव्या देत ती चुकवत होता, आणि तो वास घरात शिरला. तळ्याच्या तळाचा वास. आमच्या गावचा तलाव उन्हाळ्यात आटला, की वैशाखात गाळ निघायला लागतो. मग केजला बाजाराला निघालेली माणसं जीपमध्ये एकमेकांच्या मांडीवर बसून एकच गोष्ट विचारतात, तुमच्या रानात ट्रॉल्या पडल्या का? मुरमाड रानावर हा काळा गाळ पडला की पुढं दोन-चार वर्षं तूर नि कापूस नुसता माजतो, हे खरंच आहे. म्हणून या दिवसांत गाव खुशीत असतं. मी सोडून.

मला चिखलाचं वावडं आहे असं कोणी समजू नये. माझी उभी हयात चिखलात गेली. नोकरीच्या निमित्तानं पूर्वेकडच्या किनाऱ्यावर गेले ती केस पांढरे करूनच परतले. तिथं समुद्राला लागून एक भलंमोठं उथळ सरोवर होतं. मधे फक्त वाळूचा पट्टा, आणि एका तोंडातून समुद्राचं पाणी आत-बाहेर करायचं. अर्धं गोडं, अर्धं खारं. त्याच्या तळाचा चिखल काढायचा, वाळवायचा, कुटायचा, आम्लात उकळायचा आणि त्यात शिसं किती, तांबं किती, पारा किती ते बघायचं, हे आमचं काम. गावात कोणी विचारलं, सुजाता काय करते, तर माझे वडील, ते शाळेत गुरुजी होते, घसा खाकरून सांगायचे, ‘ती शास्त्रज्ञ हाय.’ आई म्हणायची, ‘चिखल कालवती.’ दोघंही खरंच सांगत होते.

पाण्याकडं बघून काही कळत नाही. ते स्वच्छ दिसतं, तपासलं तरी बरेचदा स्वच्छच निघतं. कारखान्यातून, बंदरातून, होड्यांच्या खरवडलेल्या रंगातून जे पाण्यात उतरतं ते पाण्यात फार काळ राहत नाही. मातीच्या बारीक कणांना चिकटतं आणि त्यांच्याबरोबर खाली जाऊन बसतं. वर लोक पोहतात, फोटो काढतात. खाली थरावर थर साचत जातो. आम्ही गुडघाभर रुतून एक लांब नळी तळात खुपसायचो, वरचं तोंड तळहातानं दाबून धरायचो आणि अलगद उपसायचो, की नळीत चिखलाचा उभा दांडका यायचा. आणि सडक्या अंड्यासारखा वास! पहिल्या खेपेला मी ओकले होते. पुढं पुढं त्या वासानं भूक लागायला लागली, कारण नमुने काढून झाले की डबे उघडायचे.

चिखल बिघडला की आधी त्यातले किडे जातात. किडे गेले की ते खाणारे बारके खेकडे जातात, मग शिंपले, मग मासे, आणि शेवटी पक्षी दुसरीकडं जाऊन उभे राहतात. तोवर माणसांना पत्ता नसतो. एखाद्या कोपऱ्यात बगळे उतरेनासे झाले की आमचे सर म्हणायचे, चला, तिथली नळी काढा. ही सवय मला अजून आहे. एसटीतून जाताना कुठंही पाणी दिसलं की मी आधी बगळे कुठं बसलेत ते बघते. शेजारच्या बाईला वाटतं, म्याडम काहीतरी कवितेचा विचार करताहेत.

तिथं माझं कोणी नव्हतं. भाषा कामापुरती आली, म्हणजे भाजी घ्यायची, होडी ठरवायची, घरभाडं द्यायचं. हसायची भाषा आली नाही. सुट्टीच्या दिवशी मी खोलीत बसून मोठ्यानं मराठी बोलायची, कोणाशीच नाही, नुसतं तोंड विसरू नये म्हणून. लग्न का केलं नाही, असं मला गावात फार विचारलं. आधी भावंडांची शिक्षणं, मग नोकरी, मग वय, असं करत करत ते राहून गेलं. त्यात मोठी शोकांतिका वगैरे काही नाही. भावंडं औरंगाबादला, पुण्याला गेली, आपापल्या घरात रमली. निवृत्त झाले तेव्हा कुठं जायचं हा प्रश्न उभा राहिला, आणि त्याचं उत्तर गिरजानं दिलं.

गिरजा माझी बालमैत्रीण. वाण्याची पोर, कपाळाला भस्म लावून शाळेत यायची. आम्ही बौद्ध. तिच्या घरी मला पाणी वरून ओंजळीत ओतून मिळायचं. तशी रीतच होती, कोणी वाईट बोलायचं नाही, पण तांब्या हातात द्यायचं नाही. गिरजा मुद्दाम माझ्या ओंजळीला तोंड लावून प्यायची आणि आईचा मार खायची. शाळेमागच्या पडक्या भिंतीची पांढरी माती आम्ही दोघींनी मिळून खाल्लेली आहे. पाटीवरच्या पेन्सिली खाल्ल्यात. कुंभाराच्या अंगणातली खापरं चोखलीत. मातीची चटक काय असते ते मला कोणी शिकवू नये.

तिला गावातच दिली, शिवलिंगअप्पांना. किराणा दुकान, थोडं रान, भरलं घर. पुढं रोडलगत प्लॉट पडले तेव्हा त्यांनी तिकडं घर बांधलं, आणि मी परत यायचं म्हणते असं कळल्यावर गिरजानं शेजारचा प्लॉट माझ्यासाठी अडवून धरला. दोन घरांमधली भिंत तिनं मुद्दाम कमरेएवढी ठेवायला लावली. गवंडी म्हणाला, बाई, उंच करू का? तर ही म्हणाली, ‘मंग वाटी कुठून देऊ, तुज्या डोक्यावरून?’ त्या भिंतीवरून मग शेंगदाण्याची चटणी, आंबाड्याची भाजी, कोणाचं काय झालं नि कोणाची सून पळाली, सगळं इकडून तिकडं जायचं. हसायची भाषा मला परत सापडली होती. ती दोन-अडीच वर्षं माझी फार सुखाची गेली.

आता त्या हंगामाचं सांगते. तीन उन्हाळे झाले त्याला.

आमच्याकडं गाळ काढायचा म्हणजे आधी मशिनीपुढं नारळ फुटतो. पण त्याच्याही आधी बायका तळ्यात उतरतात आणि पहिली पाटी घाटाखालची भरून घेतात. घाट म्हणजे तलावाच्या कडेच्या पायऱ्या, जिथं गणपती बुडवतात, देवी बुडवतात. देव जिथं इरघळला ती माती, असं बायका म्हणतात. त्यातली थोडी तुळशीत, थोडी परसातल्या वाफ्यात, आणि घरात कोणी गरोदर असली तर उरलेली वाळवून, चाळणीनं चाळून, बोटाएवढ्या वड्या करून तव्यावर भाजायच्या आणि तिला खायला द्यायच्या. गर्भारणीला माती खावीशी वाटते हे जगजाहीर आहे. मग खायचीच तर देवाची खावी, पोर देवगुणी होतं, असा तो हिशोब. माझ्या लहानपणीही होतं हे. फरक एवढाच, की तेव्हाचे देव कुंभार करायचा, काळ्या मातीचे, वर हळद नि गेरू. ते पाण्यात जाऊन खरंच माती व्हायचे.

त्या वर्षी गिरजाची मुलगी मयुरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. गोड पोरगी, मला मावशी म्हणणारी. आल्याच्या तिसऱ्या दिवशी भिंतीवरून म्हणाली, ‘मावशी, मला लई माती खावा वाटाया लागली, काय करू?’ मी म्हटलं, फुटाणे खा, डॉक्टरला सांगून लोहाच्या गोळ्या घे. ती हसली. दोन दिवसांनी त्यांच्या गच्चीवर सुपात काळ्या वड्या वाळत होत्या, आणि दुपारी तव्यावरून तो खमंग वास आला. खोटं कशाला सांगू, माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

संध्याकाळी मी तळ्याकडं फिरायला गेले. रिकामं तळं मला आवडतं. भेगाळलेल्या चिखलात सगळीकडं गोगलगायींची शंखं पडलेली होती, किड्यांची बारीक बारीक भोकं होती, आणि उरलेल्या डबक्यापाशी बगळे ओळीनं उभे होते. घाटाकडं आले आणि पायाखाली करकर वाजायचं थांबलं. शंख नाही. भोकं नाहीत. चिखल गुळगुळीत, आणि त्यात अर्धवट उरलेले हात, सोंडा, मुकुटाचा तुकडा. हे टेंपोतून येणारे पांढऱ्या प्लास्टरचे देव, चकचकीत रंगाचे, ते काही विरघळत नाहीत. रंग मात्र सुटतो. काडीनं चिखल उकरला तर आत लाल, हिरव्या, सोनेरी रंगाचे पापुद्रे थराथरानं बसलेले. एकाही बगळ्यानं तिथं पाय ठेवलेला नव्हता. मी बराच वेळ तिथं उभी राहिले.

त्याच सांजेला गिरजाला म्हटलं, ती माती पोरीला देऊ नकोस, मला ती बरी दिसत नाही. गिरजा चुलीपुढं होती. म्हणाली, तूच खाल्लीस की माझ्या बरोबरीनं, तुला काय झालं? आणि मी भाजून देते, जंतू मरतेत. मी म्हटलं, जंतू मरतील, शिसं मरत नाही. तर म्हणाली, ‘तुला जिकडं तिकडं तेच दिसतंय बग. नोकरी सुटली ना आता?’ आणि आम्ही दोघी हसलो. तशी ती चुकीचं बोलत नव्हती. नुसत्या डोळ्यानं मलाही छातीठोक सांगता येत नव्हतं. म्हणून मी दुसऱ्या दिवशी तळ्यातून दोन पुड्या बांधल्या, एक घाटाखालची, एक मधल्या भागातली, आणि केजहून कुरिअरनं माझ्या जुन्या लॅबमध्ये पाठवल्या. तिथं माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी आता मोठ्या हुद्द्यावर आहे.

तिचा फोन यायला बरेच दिवस गेले. तोवर मी रोज भिंतीपलीकडचा तवा ऐकत होते. फोन आला तो नेमका मयुरीच्या डोहाळजेवणाच्या दिवशी. पोरगी म्हणाली, ताई, मधला गाळ चांगला आहे, शेतात बिनधास्त घाला. पण घाटाखालच्यात शिसं इतकं आहे, की मी चाचणी पुन्हा केली, मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. ही माती कुठं वापरतात तिकडं? मी तिला सांगितलं, खातात.

मी तशीच शेजारी गेले. अंगणात मांडव, हिरव्या साडीतली मयुरी फुलांच्या वाडीत झोपाळ्यावर, बायकांची गाणी. पंचपक्वान्नाच्या ताटाशेजारी चांदीची वाटी होती आणि वाटीत त्या वड्या. गिरजाची एक म्हातारी नणंद ती वाटी मयुरीच्या हातात देत होती, पहिला घास देवाच्या मातीचा, असं काही म्हणत. मला आधी गिरजाला आत बोलावून सांगायचं होतं, तसं ठरवूनच गेले होते. पण मयुरीनं वडी उचलली. आणि मी पुढं होऊन तिच्या हातातली वडी घेतली, मांडीवरची वाटी उचलली.

गाणं थांबलं. भरल्या ओटीच्या बाईच्या हातातला घास काढून घ्यायचा, तोही बिनलग्नाच्या बाईनं! मग मी बोलले. म्हटलं, यात शिसं आहे, तपासून आलंय, हे आईच्या रक्तातून पोराच्या मेंदूत जातं. पोर उशिरा बोलतं, शिकायला जड जातं. मी पोटतिडकीनं सांगत होते आणि गिरजा माझ्याकडं बघत नव्हती. ती तिच्या सुनेकडं, रेखाकडं बघत होती. रेखाच्या मांडीवर शिवानी होती, गिरजाची नात, पाचेक वर्षांची. देखणी, शांत पोर, जिला तोवर चार-दोन शब्दांपलीकडं बोलता येत नव्हतं. तिच्यासाठी गिरजानं अंबाजोगाईचे डॉक्टर केले होते, परळीला अभिषेक केले होते. ती नजर मला त्या क्षणी दिसली. तिचा अर्थ लागायला मला घरी येऊन बसावं लागलं.

म्हातारी नणंद म्हणाली, यांला देव न्हाई, मंग यांला देवाची माती चिखलच दिसायची. असलं मी लहानपणापासून ऐकत आलेय, कातडी जाड झालीय. पण गिरजा उठली, माझ्या हातातली वाटी काढून घेतली आणि हळूच म्हणाली, ‘तुला लेकरू असतं तर असं केलं नसतंस. जाय घरी.’ मी गेले.

ती वाटी मी आज समोर आली तरी उचलेन, पुन्हा मांडवातून उचलेन. त्याबद्दल मला काडीचा पस्तावा नाही, हे इथं लिहून ठेवते. पण बरोबर असण्याचा एवढा मोठा रिकामा दिवस मी आधी पाहिला नव्हता. सगळं आयुष्य बरोबर आकडे काढण्यात गेलं आणि ते कोणाच्या तरी टेबलावर नेऊन ठेवण्यात गेलं. तिथं कोणी रागावत नाही, कोणी दार लावून घेत नाही. इथं भिंत तेवढीच राहिली, कमरेएवढी, आणि तिच्यावरून काही येईनासं झालं. मी एकदा गव्हाची खीर करून वाटी ठेवली होती. दुसऱ्या दिवशी ती तशीच होती, मुंग्या लागलेली.

गावात बोभाटा झाला. सरपंच घरी आले, चहा घेतला, म्हणाले, म्याडम, तुमी शिकलेल्या हाव, पण गाळात विष हाय असं बोलू नका, काम बंद पडंल, लोक मला खातील. मी म्हटलं, अहो, बाकीचा गाळ सोनं आहे, न्या की! फक्त घाटाखालचा कोपरा सोडा आणि बायकांना ती माती खाऊ देऊ नका. ते हो हो म्हणाले. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मीच बाभळीच्या काड्या रोवल्या, माझ्या जुन्या साड्या बांधून घाटाखालचा तुकडा अडवला. आठ दिवसांनी त्यातली एक साडी मला एका वासराच्या गळ्यात दिसली. गुलाबी, नारळी काठाची. वासराला बरी दिसत होती.

एकटं राहायला मी काही नवी नव्हते. पण परमुलखातलं एकटेपण वेगळं, तिथं आपल्याला कोणी ओळखतच नसतं, म्हणून राग कुणावर धरणार? इथं पलीकडच्या घरातलं भांडं वाजलं तरी ते कुठलं भांडं ते मला कळायचं. गिरजाचा खोकला, अप्पांच्या चपला, कुकरची शिट्टी. गिरजाचं बोलणं ऐकू यायचं आणि ते माझ्याशी नसायचं. ती दुपारी भिंतीपलीकडं ज्वारी पाखडायला बसायची, मी अलीकडं काहीतरी निवडत बसायची. सुपाचा आवाज ऐकत. मला त्या घराचा राग यायचा आणि दुपार झाली की मी तिथंच जाऊन बसायची. याला काय म्हणावं!

मयुरी बाळंत झाली ते मला दवाखान्यातून आलेल्या जीपच्या आवाजावरून कळलं. मुलगी. बारशाचं बोलावणं सगळ्या आळीला होतं. माझं दार वगळून पुढच्या दारात हळदीकुंकू गेलं. मी दिवसभर आतल्या खोलीत रेडिओ लावून बसले. पोरीचं नाव ओवी ठेवलं ते भिंतीवरून ऐकूनच कळलं.

आणि मग माझा खरा घोर सुरू झाला. मयुरीनं त्या दिवसानंतर माती खाल्ली की नाही, हे मला माहीत नव्हतं. गिरजा माझ्यावर चिडून मुद्दाम देत राहिली असेल तर? आधी खाल्ली ती तर खाल्लीच होती. कोणाला विचारणार? मी कान लावून बसायला लागले. भांडं पडलं की पोर दचकते का? टाळी वाजवली की रडं थांबवते का? मयुरी सासरी गेली की महिनोन्महिने काही कळायचं नाही. सण आला, पोर आली, की मी पुन्हा भिंतीपाशी. एका संक्रांतीला ओवी पलीकडून ‘आजी, माऊ! आजी, माऊ!’ असं ओरडत होती. शब्द कसे टाचणीसारखे स्वच्छ. माझ्या हातातली तिळाची कढई मी खाली ठेवली आणि मोकळं होऊन रडले. बोलली बाई पोर. त्यानंतर ती जी बोलत सुटली ती थांबायचं नाव घेईना.

तेव्हाच मला हेही ऐकू आलं, की ओवी बोलायला लागली की गिरजा गप्प होते. ओवी गाणं म्हणायची, पाढे म्हटल्यासारखं काहीतरी बडबडायची, आणि मागून शिवानीचा एक तुटका शब्द यायचा, मग बराच वेळ काहीच नाही. शिवानी आता आठ वर्षांची आहे. ती भिंतीपाशी येते अधूनमधून, मोठी माणसं काय करतात त्याच्याशी तिला देणंघेणं नाही. मी तिला चिंच देते. ती माझं नाव ‘सु’ असं म्हणते आणि पुढचं मनातल्या मनात पुरं करते, असं मला वाटतं.

यंदा घाटाखालच्या पाट्या कमी भरल्या. शाळेतल्या पोरांनी मातीचे गणपती करायचा काही कार्यक्रम घेतला, कोणीतरी मोबाइलवर काही वाचलं, तालुक्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी गरोदर बायकांना मातीबद्दल दटावलं. कशानं का होईना. मला कोणी येऊन सांगितलं नाही, तळ्यावर गेले तेव्हा माझं मलाच दिसलं. घाटाखाली शंख मात्र अजून एक नाही. चिखल इतक्यात सुधारत नसतो.

काल संध्याकाळी मी अंगणात पाणी मारत होते. मयुरी सुट्टीला आलेली आहे, दोन्ही पोरी गच्चीवर खेळत होत्या, ओवीचा आवाज आळीभर. गिरजा भिंतीपाशी आली. मला वाटलं वाळलेले कपडे काढायला आली असेल, म्हणून मी पाठ फिरवली.

‘सुजे,’ ती म्हणाली.

तीन उन्हाळ्यांनंतर. पाइपातलं पाणी माझ्या पायावरच पडत राहिलं.

म्हणाली, ‘मयुरीला मी त्या दिवसापून एक खडा दिला न्हाई. घरातली सगळी माती नेऊन परत तळ्यात टाकली. अप्पाला बी सांगितलं न्हाई.’

मी म्हटलं, बरं केलंस. एवढंच सुचलं. म्हणजे या बाईनं माझं त्याच दिवशी ऐकलं होतं, आणि मी इकडं भिंतीला कान लावून झिजत होते.

ती भिंतीवरची माती नखानं खरवडत होती. मग म्हणाली, ‘रेखाला मातीचे डोहाळे नव्हते गं. तिला उलटी यायची. देवाचं हाय, खा, म्हणून मीच समोर बसून खाऊ घालायची. रोज. शिवानीचं त्यानंच झालं का? खरं सांग.’

तीन वर्षं तिला हेच विचारायचं होतं आणि तीन वर्षं हेच विचारायचं नव्हतं. माझ्या तोंडावर ‘नाही’ आलं होतं. एका शब्दाचं काम, मैत्रीण परत मिळाली असती, उद्यापासून भिंतीवर वाटी. पण गिरजाला मी ओळखते, मी खोटं बोलले की तिला शाळेपासून कळतं. आणि ‘हो’ म्हणायलाही माझ्याकडं काही नव्हतं. पोर उशिरा बोलायला शंभर कारणं असतात. तेव्हाच्या मातीचं मोजमाप कोणी केलं नव्हतं, पोरीचं रक्त कोणी बघितलं नव्हतं. मी म्हटलं, ‘सांगता येत न्हाई गिरजे. व्हय बी असंल, न्हाई बी असंल. आता कुणालाच सांगता यायचं न्हाई.’

ती मान हलवत राहिली. रडली नाही. वर गच्चीवर ओवी काहीतरी मोठ्यानं समजावून सांगत होती आणि शिवानी ऐकत असावी. गिरजानं वर बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, सरळ, डोळ्यात.

‘मयुरीच्या हातातली वाटी हिसकून घेतलीस,’ ती म्हणाली, ‘मंग रेखाच्या टायमाला का म्हून आली न्हाईस? तवा कुठं व्हतीस तू?’

मी नोकरीवर होते, असं म्हणता आलं असतं. दूर कुठल्या तरी लोकांच्या पाण्याखालचा गाळ तपासत होते, आणि इथं माझ्या गावात मला काही माहीत नव्हतं. हे सगळं तिलाही ठाऊक आहे. उभ्या आयुष्यात मला कोणी म्हटलं नव्हतं, की तू इथं पाहिजे होतीस. आईनंसुद्धा नाही. ते म्हटलं गिरजानं, आणि ते असं. मी नळ बंद केला आणि भिंतीपाशी गेले. ती पलीकडं उभीच होती, मी काय सांगते त्याची वाट बघत.